'लीप ऑफ फेथ' बघा, आणि गर्दीला हसू नका

बुवाबाजीवरचे सिनेमे मी आवर्जून बघते आणि बऱ्याचदा अर्ध्यात चिडून बंद करते. बुवा लबाड असतो ते ठीक आहे हो, पण समोर बसलेली माणसं कायम येडपट दाखवलेली, तोंड उघडं ठेवून माना डोलवणारी, आणि आपण घरी सोफ्यावर बसून त्यांना हसायचं, की बघा किती मूर्ख! मला हे पटत नाही. १९९२ चा 'लीप ऑफ फेथ' मात्र कॉमेडी असूनही हे करत नाही, म्हणून त्याच्यावर लिहावंसं वाटलं.

स्टीव्ह मार्टिन यात जोनस नाइटेंगेल नावाचा, प्रार्थनेने आजार बरे करतो म्हणणारा ख्रिस्ती प्रचारक आहे, बस-ट्रकचा ताफा घेऊन गावोगाव तंबू ठोकतो. कॅन्सासमधल्या रस्टवॉटर नावाच्या गावाजवळ गाडी बिघडते आणि मुक्काम पडतो. गावात पाऊस नाही, पिकं करपलेली, कामधंदा नाही. म्हणजे त्याच्यासाठी रान मोकळंच! सुरुवातीलाच एक सीन आहे, पोलीस त्यांची बस अडवतो आणि जोनस नुसत्या त्याच्या चेहऱ्याकडे आणि बोलण्याकडे बघून त्याच्या घरातलं दुखणं ओळखतो, मुलीशी तुटलेलं नातं, आणि दोन मिनिटांत तो पोलीस पार विरघळतो. हसू येतं, पण त्या पोलिसाचं नाही येत. त्याला खरंच काहीतरी दुखत होतं आणि कोणीतरी पहिल्यांदाच विचारलं, एवढंच.

तंबूत तर सगळी यंत्रणाच आहे. लोक आत येताना आपापसात बोलतात, कोणाची कंबर, कोणाचा दारुडा नवरा, ते टीममधली माणसं कान देऊन ऐकतात, सगळं जोनसची मॅनेजर जेन हिच्याकडे पोचतं (डेब्रा विंगर, फार छान काम केलंय तिने) आणि ती कॉम्प्युटरसमोर बसून जोनसच्या कानातल्या छोट्याशा यंत्रात ते सांगत राहते. मग तो स्टेजवरून बोट दाखवून बोलतो आणि समोरच्याला वाटतं, देवानेच सांगितलं असणार.

हे कोणा लेखकाच्या डोक्यातून आलेलं नाही. टीव्हीवरचा प्रचारक पीटर पॉपॉफ हेच करत होता. जेम्स रँडी या जादूगाराने आणि त्याच्या साथीदारांनी रेडिओ स्कॅनर लावून ३९.१७ मेगाहर्ट्झवर त्याच्या बायकोचा आवाज पकडला, ती लोकांनी भरून दिलेल्या प्रार्थना कार्डांवरची नावं, पत्ते, आजार त्याच्या कानात वाचून दाखवत होती. १९८६ मध्ये जॉनी कार्सनच्या टीव्ही शोमध्ये ते रेकॉर्डिंग सगळ्या अमेरिकेला ऐकवलं. रँडीने हेही दाखवलं की नीट चालत आलेल्या लोकांना आधी व्हीलचेअरवर बसवायचे आणि मग स्टेजवर 'उठ आणि चाल'! आता मला सांगा, जो माणूस तुमचं नाव, पत्ता आणि आजार अचूक सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवणारा मूर्ख कसा? तुमच्या आईचं ऑपरेशन उद्यावर आलेलं असताना तुम्ही तरी काय केलं असतं?

पुढच्याच वर्षी पॉपॉफचं दिवाळं निघालं. आणि काही वर्षांनी हाच माणूस परत टीव्हीवर आला, चमत्कारी झऱ्याचं पाणी फुकट पाठवतो म्हणाला, आणि त्या पाण्यामागून देणगी मागणारी पत्रं. सिनेमातही असंच होतं. लियाम नीसनचा शेरीफ भर तंबूत जोनसची जुनी कुंडली मांडतो, खरं नाव, न्यूयॉर्कमधले गुन्हे, सगळं. आणि जोनस तेच उचलून आपल्या बाजूला फिरवतो, की पापाबद्दल पाप्यापेक्षा जास्त कोणाला कळणार! लोक आणखीच खूश. पहिल्यांदा बघताना मला हे ओढूनताणून वाटलं असतं, पण पॉपॉफचं परतणं माहीत असल्यामुळे अजिबात वाटलं नाही. नुसतं उघडं पाडून भागत नाही, कारण गाव कोरडंच राहिलेलं असतं ना.

शेवटी बॉइड हा कुबड्या घेऊन चालणारा मुलगा खरंच चालायला लागतो आणि जोनस हादरतो, कारण यात आपण काहीच केलेलं नाही हे फक्त त्यालाच पक्कं माहीत आहे. सिनेमाने इथे कच खाल्ली असं बरेच जण म्हणतात, मला तसं नाही वाटत. माझी तक्रार वेगळी आहे. सगळा शेवट जोनसच्या मनाचं काय झालं यावर जातो, ज्यांनी आपल्या तुटपुंज्या कमाईतले पैसे टोपलीत टाकले त्यांचं काय, ते राहूनच जातं.

आणि खरा मामला तर पैशांचाच आहे. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एबीसी वाहिनीच्या प्राइमटाइम लाइव्ह कार्यक्रमाने रॉबर्ट टिल्टन या टीव्ही प्रचारकावर रिपोर्ट केला, लोकांनी पाठवलेल्या पाकिटांतले पैसे काढून घेतले आणि आतली प्रार्थनेची पत्रं तुल्सा शहरात कचऱ्यात सापडली. टिल्टनने आरोप फेटाळले, पण पुढे दोनेक वर्षांत त्याचा कार्यक्रम बंद पडला. मला त्या पत्रांचं फार वाईट वाटतं, कोणीतरी रात्री बसून लिहिलं असेल की माझ्या मुलाला बरं कर.

अमेरिकेत चर्चला वार्षिक जमाखर्च सरकारकडे द्यावा लागत नाही. २००७ मध्ये सिनेटर चक ग्रासलींनी सहा बड्या टीव्ही प्रचारकांकडे हिशोब मागितला, बहुतेकांनी पुरता दिलाच नाही, आणि २०११ मध्ये चौकशी कोणालाही दंड न होता संपली. आपल्याकडे डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ मध्ये का होईना, जादूटोणाविरोधी कायदा आला आणि चमत्कार दाखवून पैसे कमावणं हा त्यात गुन्हा आहे. अंनिसचे कार्यकर्ते गावात जाऊन तेच चमत्कार स्वतः करून दाखवतात आणि मग युक्ती सांगतात, समोरच्याला येडा न म्हणता! मला ही पद्धत फार आवडते.

आता कोणीतरी त्या पाकीट फोडणाऱ्या ऑफिसवर सिनेमा काढा. आठ तास टेबलाशी बसून चेक एकीकडे आणि पत्र दुसरीकडे टाकणारी एखादी क्लार्क, आणि एक दिवस ती पत्र वाचायला लागते. मी पहिल्या शोला जाईन. तोपर्यंत 'लीप ऑफ फेथ' बघा, कुठे मिळाला तर कमेंटमध्ये सांगा म्हणजे बाकीच्यांनाही कळेल.