खिडकीतून टाकलेला रुमाल

सांगली स्टँडावर विट्याची गाडी फलाटाला नीट लागलेलीही नसते, तोवर खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आत पडू लागतात. माणूस दारात चेंगरतोय आणि त्याचा रुमाल सीटवर ऐसपैस बसलाय! रुमाल काही माणसासारखा दिसत नाही, तिकीटही काढत नाही. तरी धट्टाकट्टा गडी तो उचलायला कचरतो, “कुणाचा हाय रं ह्यो?” विचारतो. ही रीत ठाऊक नसलेला परदेशी पाहुणा “तुमचं पडलंय” म्हणून प्रामाणिकपणे परत आणून देईल.

टाकण्याचंही शास्त्र आहे. रुमाल चार घड्यांचा हवा. उलगडलेला वाऱ्यानं सीटखाली जातो, आणि सीटखालचा रुमाल हा नुसता रुमाल असतो. पांढरा टाकू नये, आत गेल्यावर तीन मालक निघतात. वर्तमानपत्र तर मुळीच नको. लोक ते उचलून वाचतात आणि वाचायला तिथंच बसतात. एका रुमालात एकच जागा. तिघांच्या बाकावर हक्क सांगायचा तर पिशवी लागते, शिवाय आवाजही.

चार्ल्स पर्स या अमेरिकन तत्त्वज्ञानं (हे आडनाव आहे, सीटवर पर्स टाकू नये) चिन्हांचे तीन प्रकार सांगितले: चित्रासारखं साम्यावर चालणारं, धुरावरून आग कळावी तसं प्रत्यक्ष संबंधावर चालणारं, आणि निव्वळ रीतीवर चालणारं. रुमाल तिसऱ्यातला. घामेजलेला असेल तर दुसऱ्यातही बसतो.

कंडक्टरची घंटी मात्र अस्सल तिसऱ्यातली. एक टिंग म्हणजे थांब, दोन म्हणजे सोड. ‘टिंग’मध्ये थांबण्यासारखं काय आहे? काही नाही. म्हणून तर घोळ होतो. दोन ओढींत अंतर पडलं की ड्रायव्हर पहिलीला ब्रेक मारतो. त्या हिसक्यानं उभा प्रवासी आधाराला दोरीच धरतो, तिसरी टिंग होते, आणि मग ड्रायव्हर मान वळवून जे बोलतो त्याला कुठलंच चिन्ह लागत नाही.

सगळ्यात वाईट खूण अंगठ्याची. भरलेली गाडी न थांबवता ड्रायव्हर खांद्यावरून अंगठा मागं करतो: मागून रिकामी येतीय. धुराला खोटं बोलता येत नाही, अंगठ्याला येतं. आपण आशेनं मागं बघतो. येत असते उसाची ट्रॉली.