रोमन लोक रोज आंघोळ करायचे, म्हणून ते निरोगी होते का?

रोमन स्वच्छतेचं कौतुक करणाऱ्या पोस्ट सारख्या फिरत असतात. दोन हजार वर्षांपूर्वी सार्वजनिक स्नानगृहं, खालून पाणी वाहणारी शौचालयं, नळाचं पाणी! हे सगळं खरं आहे. पण त्यावरून ‘म्हणून ते निरोगी होते’ असं म्हणणं साफ चूक आहे.

बांधकामाला मात्र दाद द्यावीच लागेल. स्नानगृहातल्या गरम दालनाची जमीन खालून पोकळ असे. साधारण 20 सेंटीमीटर चौरस विटा एकावर एक रचून दोनेक फूट उंचीचे खांब उभे करायचे, त्यांवर मोठ्या फरश्या टाकायच्या आणि वर चुन्याचा जाड थर द्यायचा. शेजारच्या भट्टीची गरम हवा आणि धूर या पोकळीत फिरून भिंतीतल्या पोकळ विटांमधून वर निघून जाई. त्यामुळे जमीन तापे आणि भिंतीही तापत. पाणी तापवायची टाकी शिशाच्या पत्र्याची, पण आचेवरचा तळ काशाचा, कारण शिसं 327 अंशांवरच वितळतं.

घोळ होतो तो हौदात. आंघोळीला साबण वापरत नसत. अंगाला तेल चोपडायचं, व्यायाम करून घाम काढायचा आणि मग तेल, घाम, धूळ असा सगळा थर धातूच्या वाकड्या पट्टीने खरवडून काढायचा. उरलेला मळ घेऊनच माणसं गरम हौदात उतरत. पाणी निर्जंतुक करायचा उपाय नाही, आणि हौद वारंवार उपसायचा तर तेवढं पाणी पुन्हा तापवायला लाकूड हवं. बादशहा मार्कस ऑरेलियसने आपल्या टिपणांत आंघोळीचं वर्णन तेल, घाम, घाण आणि बुळबुळीत पाणी असंच केलंय. पहिल्या शतकातला वैद्यकावर लिहिणारा रोमन लेखक सेल्सस तर स्पष्ट बजावतो की जखम स्वच्छ झाली नसेल तर स्नानगृहात जाऊ नका, ती ओली आणि मळकट होऊन सडू लागते. पण हाच सेल्सस कितीतरी दुखण्यांवर स्नान सुचवतो! म्हणजे आजारी आणि धडधाकट माणसं एकाच पाण्यात. मला यात सगळ्यात मोठा धोका दिसतो.

शौचालयांचंही तेच. रोमजवळच्या ओस्तिया या बंदराच्या सार्वजनिक शौचालयात संगमरवरी बाकावर ओळीने भोकं आहेत, मध्ये आडोसा नाही. घरातलं शौचालय पुष्कळदा स्वयंपाकघरातच, एका कोपऱ्यात. पाँपेईत हे आजही पाहायला मिळतं. बहुतेक घरांचा मैला गटारात न जाता शोषखड्ड्यात जाई. गटाराला घर जोडलं तरी पाणी अडवून धरणारा वाकडा पाइप त्यांच्याकडे नव्हता, त्यामुळे दुर्गंधी, उंदीर आणि पुराचं पाणी उलटं घरात येऊ शके. शोषखड्ड्यातला मैला खत म्हणून शेतात जाई. मैला पुरेसा कुजू दिला नाही तर जंतांची अंडी त्यात महिनोन् महिने टिकतात आणि भाजीपाल्यावरून परत पोटात येतात.

याचा पुरावा जमिनीतूनच मिळाला. केंब्रिज विद्यापीठातले संशोधक पियर्स मिचेल यांनी साम्राज्यभरच्या उत्खननांतल्या परजीवींच्या नोंदी एकत्र करून 2016 मध्ये मांडल्या. रोमन काळात जंत आणि अमीबाचा आमांश कमी झालेला दिसत नाही. उवा आणि पिसवाही रोज आंघोळ न करणाऱ्या नंतरच्या लोकांइतक्याच. माशातून येणारा फीतकृमी, म्हणजे फितीसारखा लांब जंत, तर जास्त जागी सापडतो. न शिजवता, मासे मीठ घालून आंबवून केलेला गारूम हा रस्सा दूरदूर जाई, त्याचा यात हात असावा, असं मिचेल यांचं म्हणणं.

नळांतल्या शिशाच्या विषबाधेने रोम बुडालं असं म्हणतात, हीसुद्धा अशीच अर्धवट गोष्ट. कडक पाण्यामुळे नळाच्या आत चुन्याचं कीट बसे आणि शिसं बरंचसं झाकलं जाई. खरी काळजी द्राक्षरस शिशाच्या भांड्यात आटवण्याची होती, कारण शिसं रसात उतरे, आणि तशी भांडी वापरा हे शेतीवर लिहिणारा रोमन लेखक कोलुमेल्ला स्वतः सांगतो.

कौतुकच करायचं तर फ्रोंटिनसचं करा. इ.स. 97 मध्ये रोमचा पाणीपुरवठा त्याच्या हाती आला. तेव्हा शहरात नऊ जलवाहिन्या येत आणि चांगलं-वाईट पाणी एकमेकांत मिसळत असे. त्याच्या काळात ते वेगळं केलं गेलं. मार्चिया या जलवाहिनीचं स्वच्छ पाणी पिण्यासाठी राखलं, आणि ‘जुनी आनिओ’ या जलवाहिनीचं गढूळ पाणी बागांना आणि हलक्या कामांना दिलं.