ट्रेनिंगला गेलं म्हणजे बंदूक बाळगायची मोकळीक मिळत नाही

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुंबईतल्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर फिरतोय: ‘निवड झाली की आर्म्स अ‍ॅक्ट लागू नाही. ट्रेनिंगपासूनच सूट. वयाची अट नाही, लायसन नको, आयकार्ड पुरे.’ यातलं अर्धं खरं आहे, आणि पोरं अडकतील ती त्या अर्ध्यामुळेच.

सूट आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ नुसार लोकसेवकाने कर्तव्य बजावताना बाळगलेल्या शस्त्राला हा कायदा लागू होत नाही, आणि नेमणूक झालेला प्रशिक्षणार्थी शिपाई लोकसेवकच असतो. पण ही सूट कर्तव्याला आहे, माणसाला नाही. मजकुरात नेमकी हीच अट गाळली आहे.

मरोळला ट्रेनिंग घेणारा शिपाई चांदमारीला, म्हणजे गोळीबाराच्या सरावाला, उभा राहतो तेव्हा रायफल त्याला नोंद करून मिळते, राउंड मोजून मिळतात आणि फायर झाल्यावर पुंगळ्यासुद्धा मोजून परत घेतात. एक कमी भरली तर सगळे मिळून गवत चाळत बसतात. इथे तो कर्तव्यावर आहे. त्यातलंच एक जिवंत काडतूस आठवण म्हणून खिशात टाकून त्याने सुट्टीत नायगावला घरी आणलं, तर नाही. काडतुसालाही परवाना लागतो.

‘वयाची अट नाही’? कलम ९ मध्ये ती २१ वर्षांची आहे. भरती अठराव्या वर्षापासून होते, म्हणून एकोणीस वर्षांचा शिपाई सरकारी रायफल कायदेशीरपणे चालवतो. त्याच मुलाला स्वतःच्या पिस्तुलाचा परवाना मात्र अजून दोन वर्षं मिळणार नाही.

आयकार्डाचं म्हणाल, तर त्यावर कुठलाही दुकानदार पिस्तूल विकू शकत नाही. खाजगी शस्त्र हवं तर पोलिसालाही परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. मुंबईत तो पोलीस आयुक्तांकडे जातो. विनापरवाना गावठी कट्टा सापडला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद आहे. हळदीत हौसेने हवेत गोळी झाडून कुणाचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

मला सर्वांत जास्त संताप येतो तो हा मजकूर पुढे ढकलणाऱ्या खाजगी भरती अकादम्यांचा. त्यांच्याकडे पहाटे सोळाशे मीटर धावणारी मुलं अजून उमेदवार आहेत. त्यांची नेमणूकच झालेली नाही, त्यामुळे कलम ४५ त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. आणि भरतीआधी असा एक गुन्हा नोंदला गेला, तर चारित्र्य पडताळणीत तो समोर येतो. ज्या वर्दीसाठी हे पोर दोन-तीन वर्षं घाम गाळतंय, तीच त्याच्या हातून जाऊ शकते. ग्रुप चालवणाऱ्यांनी हा मजकूर आजच काढून टाकावा आणि का काढला, तेही मुलांना सांगावं.