‘दोन मिनिटांची तपासणी’ आणि लाखभर नकार

गेल्या आठवड्यात सांगलीहून मावशीचा फोन आला. “अगं, तू बंदुकीच्या गोळ्या विकत घेतेस म्हणे? तो मेसेज वाचलास ना? सोड बाई ते.” मेसेज मी वाचला होता. आमच्या बे एरियातल्या मराठी ग्रुपांवर फिरफिर फिरून तो सांगलीला पोचला होता. मी ट्रॅप खेळते, म्हणजे उडवलेल्या तबकड्या शॉटगनने फोडते, हे मावशीला कधीचं माहीत आहे. मेसेज वाचल्यावर मात्र तिने मला थेट संशयितांच्या पंगतीत बसवलं.

मेसेज असा: कॅलिफोर्नियात काडतुसं घेताना दर वेळी सरकारी तपासणी होते, ती प्रामाणिक माणसाला दोन मिनिटांची आणि गुन्हेगाराला भिंत. तिच्यामुळे गोळीबार घटले. ती महिनाभर आधी आली असती तर गिलरॉय गावातला गोळीबार टळला असता. लोकांनीच मतदान करून ती मागितली. आणि विरोध करतात ते सगळे बंदूक कंपन्यांचे दलाल.

गिलरॉयचं आधी निपटवते, कारण लिहिणाऱ्याने कॅलेंडरसुद्धा उघडलेलं नाही. तपासणी सुरू झाली १ जुलै २०१९ ला. लसूण महोत्सवातला गोळीबार २८ जुलै २०१९ चा. म्हणजे कायदा चार आठवडे लागू होता! तीन जीव गेले, त्यात सहा वर्षांचा मुलगा होता. मारणाऱ्याने रायफल शेजारच्या नेवाडात दुकानातून कायदेशीर विकत घेतली होती. ज्याच्या नावावर बंदूक नाकारण्याजोगं काही सापडलं नाही, त्याला गोळ्या नाकारणार कशाच्या आधारावर? मेलेल्यांची नावं अशी फॉरवर्डला चिकटवताना थोडी तरी लाज वाटायला हवी.

आता ती ‘दोन मिनिटं’. खरा राग मला याच मुद्द्याचा आहे.

तपासणी दोन प्रकारची असते. नेहमीची, स्वस्त तपासणी तुम्ही गुन्हेगार आहात का, एवढंच पाहून थांबत नाही. राज्याच्या बंदूक नोंदवहीत तुमच्या नावावर एखादी बंदूक आहे का, आणि तिथलं नाव, जन्मतारीख, पत्ता तुमच्या ड्रायव्हिंग लायसन्सशी जुळतो का, हे आधी बघते. फ्रीमाँटहून मिलपिटासला घर बदललंत, लायसन्सवर नवा पत्ता घातलात, पण बंदुकीच्या नोंदीत जुनाच राहिला? नकार. आपल्याकडे तर मधलं नाव कधी वडिलांचं, कधी नवऱ्याचं, एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर. म्हणजे ठेच लागायची सोय जन्मापासूनच. शिवाय रायफल आणि शॉटगनच्या विक्रीच्या नोंदी राज्य जपून ठेवायला लागलं तेच २०१४ पासून. २००९ मध्ये रीतसर शॉटगन घेतलेला माणूस त्या वहीत नसू शकतो, आणि त्यात त्याचा काडीचा दोष नाही. अशाने मग दुसरी तपासणी करायची: १९ डॉलर, उत्तराला काही दिवस, आणि तीही एकाच खरेदीपुरती. ट्रॅपच्या एका फेरीला २५ काडतुसं लागतात. एका दुपारी चार डबे सहज संपतात. करा हिशोब.

ज्यांच्या लायसन्सवर ‘फेडरल लिमिट्स अप्लाय’ (म्हणजे केंद्राच्या कामांना हे ओळखपत्र चालणार नाही) असं छापलेलं आहे, त्यांना वर पासपोर्ट किंवा तसलाच पुरावा दाखवावा लागतो. केंद्राला चालणाऱ्या लायसन्सचा, म्हणजे रिअल आयडीचा, कंटाळा केलेले ग्रीन कार्डवाले आणि नागरिक आपल्यात काही कमी नाहीत.

हे माझं रडगाणं म्हणून सोडून द्यायचं असेल तर राज्याने स्वतः कोर्टाला दिलेले आकडे बघा. या तपासणीविरुद्धच्या दाव्यात केंद्रीय न्यायाधीश रॉजर बेनिटेझ यांनी एप्रिल २०२० मध्ये दिलेल्या आदेशात ते आहेत. पहिल्या सात महिन्यांत नेहमीच्या तपासण्या झाल्या ६,१६,२५७. नकार मिळाले १,०१,०४७, म्हणजे १६.४ टक्के. ज्यांना बंदूक बाळगायला खरोखर बंदी आहे असे त्या तपासणीत सापडले १८८. दुसऱ्या तपासण्यांत पकडलेले मिळवले तरी आकडा हजाराच्या आतच राहतो. ही भिंत म्हणे गुन्हेगारांसाठी आहे!

गोळीबार घटले का? इथे अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने मान्य करते. बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण कॅलिफोर्नियात देशाच्या सरासरीपेक्षा बरंच कमी आहे. पण ते २०१९ च्या आधीही कमीच होतं. बंदूक घ्यायला दहा दिवस थांबावं लागतं, खासगी व्यवहारही परवानाधारक दुकानदारामार्फत करावा लागतो, धोकादायक वाटणाऱ्या माणसाची बंदूक कोर्टाच्या आदेशाने काढून घेता येते. या नियमांना माझा विरोध नाही. त्यांचं श्रेय काडतुसांच्या तपासणीच्या पदरात घालू नका, एवढंच. २०२० मध्ये इथेही मृत्यू वाढले, पण महामारीत ते देशभर वाढले, म्हणून त्याचं खापर मीही या कायद्यावर फोडत नाही.

‘लोकांनीच मागितली’ हे तर फारच सोयीस्कर. २०१६ मध्ये थेट मतदारांपुढे ठेवलेलं प्रपोझिशन ६३ मोठ्या बहुमताने मंजूर झालं, हे खरं. त्यात होता चार वर्षांचा परवाना: एकदा तपासणी, जास्तीत जास्त ५० डॉलर, मग चार वर्षं दुकानात जा आणि घ्या. दर खरेदीला तपासणी हा प्रकार विधिमंडळाच्या एसबी १२३५ या वेगळ्या विधेयकातून आला आणि परवाना बाजूला पडला. मतदाराला दाखवलं एक, हातात दिलं दुसरं. तो परवाना आजही आणा, मी पहिल्या दिवशी रांगेत उभी राहीन. त्याऐवजी झालं काय, तर नेहमीच्या तपासणीची एक डॉलरची फी जुलै २०२५ पासून पाच डॉलर झाली.

राहिले दलाल. कोर्टातल्या त्या दाव्याला जिचं नाव आहे ती किम रोड १९९६ ते २०१६ अशा सलग सहा ऑलिम्पिकमध्ये पदक मिळवलेली नेमबाज आहे. हो, तिच्यासोबत बंदूकधारकांची संघटनाही वादी आहे, आणि त्या संघटनेची बरीचशी भाषणं मला ऐकवत नाहीत. पण त्यामुळे वरचे आकडे बदलत नाहीत. जुलै २०२५ मध्ये नवव्या सर्किटच्या, म्हणजे केंद्रीय अपील कोर्टाच्या, तीन न्यायाधीशांनीही दोन विरुद्ध एक असा निकाल तिच्या बाजूने दिला होता; पुढे तो त्याच कोर्टाच्या मोठ्या पीठाकडे फेरसुनावणीला गेला. जुलैच्या त्या निकालानंतरही दुकानातली तपासणी थांबली नाही, हे सांगून ठेवते, नाहीतर ‘सगळं खुलं झालं’ असा उलटा मेसेज यायचा.

मेसेजच्या तळाशी एक ओळ बरोबर आहे: एच-वन-बीवाल्यांनो, लांब राहा. फक्त तो नियम कॅलिफोर्नियाचा नाही, केंद्राचा आहे. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या बाळगणं देशभर गुन्हा आहे, तपासणी असो वा नसो. आणि ज्यांच्याकडे बंदूक आहे आणि घर बदललंय, त्यांनी पुढचा फॉरवर्ड करण्याआधी राज्याच्या न्याय विभागाच्या साइटवर जाऊन बंदुकीच्या नोंदीतला पत्ता बदलून घ्या.