माझ्या पोटरीतलं दही

डिसेंबरातल्या एका शनिवारी रात्री, पोटभर जेवण झाल्यावर, मी बोलून गेलो, "उद्या सिंहगड. पायी." असली वाक्यं माणसाला भरल्या पोटीच सुचतात. दहावीतल्या कन्येनं लगेच विज्ञानाचं पुस्तक सॅकमध्ये टाकलं. मंगळवारी तिची चाचणी होती. "तू जिथे जिथे बसशील तिथे मी वाचेन," म्हणाली. गडावर पोचेपर्यंत तिचा धडा दोनदा वाचून झाला.

आतकरवाडीतला पहिला चढ मी रुबाबात घेतला. रस्त्यातले खड्डे, क्लासची फी, निवडणुका, सगळ्यावर माझं भाष्य चालू होतं. चढताना बोलता येतंय म्हणजे ऑक्सिजन पुरतोय असं समजावं. पेशींतल्या तंतुकणिका, म्हणजे ऊर्जा काढणारे पेशीचे छोटे कारखाने, ग्लुकोजचा पार कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होईपर्यंत पिच्छा पुरवतात आणि एका रेणूमागे घसघशीत ऊर्जा काढून देतात. ही ऊर्जा एटीपीत मोजतात, ते पेशीचं चलन. पुस्तकात ३८ एटीपी लिहिलेत, आताचे हिशेब ३० ते ३२ धरतात. मी तडजोडीला तयार होतो.

दुसऱ्या वळणानंतर माझी वाक्यं आखूड झाली. मग नुसते शब्द. मग "हं". मांड्यांची मागणी वाढत चालली होती आणि फुप्फुसं-हृदय यांच्याकडून पुरवठा होईना. अशा वेळी स्नायू विनॉक्सिश्वसनावर, म्हणजे ऑक्सिजनशिवायच्या श्वसनावर, भर देतात. ग्लुकोज अर्धवट फोडायचं, दोन एटीपी पदरात पाडून घ्यायचे आणि उरलेल्याचं लॅक्टिक आम्ल करून मोकळं व्हायचं. नडीच्या वेळी सोन्याची बांगडी मोडीत काढावी तसला व्यवहार. पैसा लगेच हातात, पण किती, ते विचारू नये.

पहिल्या दगडावर मी बसलो. पुस्तक उघडलं.

"बाबा, तुझं यीस्ट झालंय. तेही ऑक्सिजनशिवाय भागवतं."

"यीस्टची... दारू... होते."

"हो, आणि गोल्डफिशचीपण. थंडीत पाण्यातला ऑक्सिजन संपला की तो लॅक्टिक आम्ल साठू देत नाही, त्याचं अल्कोहोल करून कल्ल्यांतून सोडून देतो."

मला त्या माशाचा मनापासून हेवा वाटला. भर थंडीत, घरबसल्या! आमच्या नशिबी आंबटच.

तेवढ्यात मागून बोलण्याचा आवाज आला. साठीच्या एक मावशी, नऊवारी, डोक्यावर पाटी, पाटीत दह्याची मडकी. सोबतच्या बाईला सुनेची पूर्ण हकिगत सांगत चालल्या होत्या, मध्ये कुठेही न थांबता. रोज चढणाऱ्या पायांत तंतुकणिका वाढतात, केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, हे मला वाचून माहीत होतं. डोळ्यांसमोरून जाताना पहिल्यांदाच पाहिलं. माझ्याजवळ येऊन त्या म्हणाल्या, "बसू नका सायेब, पाय धरत्यात." आणि दही मला मागे टाकून पुढे गेलं.

(याच गडावर १६७० साली तानाजी मालुसरे रात्रीच्या अंधारात कड्यावरून चढले होते. मी उजेडात, मळलेल्या वाटेवर होतो. हा विषय इथेच सोडू.)

वर पोचल्यावर त्याच मावशींकडून दोन मडकी घेतली. चमचा घातला तर उभा राहील इतकं घट्ट. दुधातली साखर फोडून जिवाणूंनी त्यात जे भरलं होतं तेच, लॅक्टिक आम्ल, माझ्या पोटऱ्यांतही तयार झालं होतं. फरक इतकाच की त्यांच्या मालाला गिऱ्हाईक होतं. पण नाही, चुकलो. माझ्या मालालाही होतं. बरंचसं हृदय आणि स्नायूच जाळून टाकतात आणि थोडं यकृत विकत घेतं. तिथे त्याचं पुन्हा ग्लुकोज होतं आणि त्यासाठी सहा एटीपी मोजावे लागतात. मिळवले दोन, फेडले सहा. हा सावकारी हिशेब उलगडला गेर्टी आणि कार्ल कोरी या शास्त्रज्ञ जोडप्यानं; ग्लायकोजनवरच्या, म्हणजे शरीरात साठवलेल्या साखरेवरच्या, कामाबद्दल त्यांना १९४७ साली नोबेलही मिळालं. नवराबायको एकाच हिशेबावर सहमत झाले, याचं वेगळं बक्षीस द्यायला हरकत नव्हती.

खरी गंमत सोमवारी. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवला आणि ओरडलो. भारतीय पद्धतीच्या संडासात बसता येईना; बसलो तर उठता येईना. नळाचा आधार घेतला, तो हातात आला. "लॅक्टिक आम्ल साठलंय," मी बाहेर येऊन जाहीर केलं.

"ते कालच गेलं," कन्या दात घासता घासता म्हणाली. "तू पिठलं-भाकरी खात होतास तेव्हाच. हे उतरल्यामुळे आहे. उतरताना स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात, त्यात बारीक बारीक इजा होतात. उद्या जास्त दुखेल."

उद्या जास्त दुखलं.

आठवड्यानं चाचणीचा पेपर घरी आला, सहीसाठी. प्रश्न : विनॉक्सिश्वसन कोठे आढळते, उदाहरणे लिहा. उत्तर : 'यीस्ट, काही जिवाणू, आमचे बाबा (पहिल्या दगडापासून पुढे).' बाईंनी पैकीच्या पैकी गुण दिले होते.