दुधीला अॅडव्हान्स टॅक्स कळत नाही

कर सल्लागाराने गच्चीवर भाजीपाला लावू नये, असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. पण झाडांचं आणि आयकराचं वेळापत्रक कोणीतरी एकत्र बसून ठरवलेलं असावं. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनातून माणूस रोपं आणि बियांची पाकिटं घेऊन येतो, आणि सगळं भरात येतं नेमकं मार्चमध्ये. १५ तारखेला अॅडव्हान्स टॅक्सचा शेवटचा हप्ता, ३१ला वर्ष संपणार, आणि मध्ये वांग्यावर मावा, जास्वंदीवर पिठ्या ढेकूण.

त्यात दुधी. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, रात्रीच्या पतंगांसाठी. पौड रस्त्यावर आमच्या चौथ्या मजल्यावरच्या गच्चीत पतंग फिरकत नाहीत. डास येतात, पण त्यांना या कामात रस नाही. त्यामुळे नर फूल तोडून, पाकळ्या मागे सारून, त्यातले परागकण मादी फुलाला लावायचं काम घरच्या कर्त्या पुरुषाकडे येतं. ते दिवेलागणीलाच करावं लागतं, आणि बिलांनी फुगलेली पिशवी घेऊन व्यापारी अशील येतात तेही दिवेलागणीलाच.

"अहो, एक तर अशील सांभाळा, नाहीतर दुधी," बायको म्हणाली. अशील फी देतात. उशिरा देतात, पण देतात. दुधीची बाजू तिथेच लंगडी पडली.

मग कपातीला बसलो. हात सवयीने हिशेबाकडे गेला. कोकोपीट, गांडूळखत, निंबोळी तेल, बांबूच्या काठ्या असं सगळं धरून एक टोमॅटो मला मार्चमधल्या हापूसच्या भावात पडत होता. शिवाय पारा ३५च्या वर गेला की त्याची फुलं गळायला लागतात. टोमॅटो रद्द. कोथिंबीर उन्हाने आधीच फुलावर आली होती, म्हणजे तिने स्वतःच राजीनामा दिला. पालक कापून भाजी केली. कढीपत्ता आणि गवती चहा राहिले, कारण ते काही मागत नाहीत. अळू मात्र मी उपटायच्या बेतात असताना आई गच्चीत आली.

"आणि श्रावणात फदफदं कशाचं करायचं? तुझ्या फायलींचं?"

अळू कायम.

उरलेल्या झाडांना घर शोधणं हे खरं दिव्य. पुण्यात फुकट वस्तू देण्याइतकं अवघड काही नाही, घेणाऱ्याला आधी संशय येतो. "कुंडीसकट ना?" "माती कधी बदलली होती?" खालच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी वांग्याचं पान न् पान उलटून पाहिलं, मावा दिसल्यावर माझ्याकडे पाहिलं, आणि "विचार करून कळवतो" म्हणाले. आमच्या मुलीच्या स्थळांकडूनही इतक्या सभ्यपणे नकार आला नव्हता.

दुधीचा वेल शेवटी शेजारच्या काकूंनी मांडवासकट नेला. मी सुटलो.

ऐन १५ तारखेच्या आदल्या संध्याकाळी, समोर एक दुकानदार अशील बसलेले असताना फोन वाजला. काकू घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "अरे, फुलं उमलली! यातला नर कुठला?"

"ज्याचा नुसताच लांब देठ आहे तो नर. जिच्या खाली बोटभर दुधी दिसतोय ती मादी."

"मग आता?"

"नराच्या पाकळ्या काढा आणि मादीला हलकेच टेकवा. नाही, नाही काकू, चोळायचं नाही! आणि उद्यावर नका टाकू, सकाळपर्यंत ती मिटेल."

अशिलांचं बोट कॅल्क्युलेटरवर अधांतरी थांबलं होतं. मी फोन ठेवला, घसा खाकरला आणि आकडेमोड जिथे सोडली होती ती ओळ शोधू लागलो. त्यांनी उठून केबिनचं दार लोटलं, खुर्ची पुढे ओढली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "साहेब, आमच्या काकडीला नुसती फुलंच येतात हो. तिचं काय करायचं?"