आईची मराठी : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आईच्या वर्षश्राद्धाच्या निमित्ताने मी लिहिलेल्या लेखावर आपण पुण्याहून सविस्तर प्रतिक्रिया पाठवलीत. तिला उत्तर द्यायला मला बारा दिवस लागले, त्याबद्दल क्षमस्व. आपले म्हणणे थोडक्यात असे की, लेखातली आई पदोपदी ‘शाक’, ‘अथाणे’, ‘अगाशी’, ‘बारी’ असे गुजराती शब्द बोलते; भाजी, लोणचे, गच्ची, खिडकी असे आपले शब्द असताना ही भेसळ कशासाठी, आणि मातृभाषेची अशी हेळसांड करून आईचे स्मरण करण्यात काय अर्थ? शेवटी आपण लिहिलेत की, जेमतेम चौथी शिकलेल्या बाईची भाषा लेखिकेने थोडी नीट करून घेतली असती तर आईचा मानच वाढला असता. हे शेवटचे वाक्य मला लागले. पण प्रतिक्रियेचा एकूण सूर आस्थेचा आहे आणि मराठीविषयीची आपली काळजी खरी आहे, म्हणूनच उत्तरही सविस्तर देत आहे.

चौथीपासूनच सुरुवात करते. आईचा जन्म १९३६ सालचा, अमरेलीचा. माझे आजोबा बडोदे संस्थानच्या नोकरीत कारकून होते आणि तेव्हा त्यांची बदली काठेवाडातल्या त्या प्रांतात झालेली होती. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा पहिला प्रयोग सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीतच केला आणि १९०६ साली तो कायदा सबंध संस्थानाला लागू झाला; मुलांप्रमाणे मुलींनाही. जी मुलगी शाळेत दिसत नसे तिच्या बापाला दंड होई. आई चार इयत्ता शिकली ती या कायद्यामुळे, आणि अमरेलीची शाळा गुजराती असल्यामुळे ती गुजरातीतून शिकली. देवनागरी तिला आजीने घरी, हरिपाठाच्या पोथीवर बोट ठेवून शिकवली. म्हणजे ज्या वयात आपल्याला एक लिपी येते त्या वयात तिला दोन येत होत्या, आणि ज्या चौथीला आपण ‘जेमतेम’ म्हटलेत त्या चौथीच्या बळावर ती लग्नानंतर बडोद्यात आल्यावर मध्यवर्ती ग्रंथालयातून मराठी आणि गुजराती अशी दोन्ही पुस्तके आणून वाचत असे. आमचे घर जुन्या शहरातल्या मांडवीच्या अलीकडे एका पोळात, म्हणजे दाट वस्तीच्या गल्लीत, होते आणि ग्रंथालय तेथून पायी दहा मिनिटांवर. दुपारची झाकपाक झाली की ती पिशवी घेऊन निघायची.

तिच्या मागे तिची एक वही राहिली आहे. जाड पुठ्ठ्याची, कडांना तेलाचे डाग पडलेली. तिच्यात घरखर्च आहे, कोणाच्या मुंजीत काय दिले-घेतले ते आहे आणि निम्म्याहून अधिक पाने पदार्थांची आहेत. भाषा सगळी मराठी, लिपी सगळी गुजराती. हात शाळेत त्या वळणावर बसला होता, म्हणून भराभर लिहायचे असले की तेच वळण येई. गुजरातीत अक्षरांच्या डोक्यावर रेघ नसते, त्यामुळे पान उघडताच क्षणभर वाटते की ओळी अर्ध्याच लिहायच्या राहिल्या आहेत. पण वाचू लागले की आईचा आवाज ऐकू येतो. ‘कैऱ्या पाच शेर आणल्या, दोन किडक्या निघाल्या, परत दिल्या.’

या वहीत एका पानावर मधोमध उभी रेघ ओढून तिने दोन रकाने केले आहेत. डावीकडे ‘लोणचे’, उजवीकडे ‘अथाणे’. डावीकडच्या रकान्यात मोहरीची डाळ, हिंग, हळद, तळलेली मेथी आणि कडकडीत तापवून पूर्ण गार केलेले तेल आहे. हे तिच्या आईचे, म्हणजे माझ्या आजीचे. उजवीकडे गोळकेरी आहे : फोडींना मीठ-हळद लावून पाणी सुटले की त्या कापडावर पसरून सुकवायच्या, मग मेथीचे आणि धण्याचे कुरिये, म्हणजे भरडलेली डाळ, आणि चिरलेला गूळ. हे शेजारच्या बेनकडून शिकलेले. त्याखाली छुंदा आहे. राजापुरी कैरी किसून, साखर घालून, पातेल्याच्या तोंडाला मलमल बांधून ती आठ-दहा दिवस अगाशीत उन्हात ठेवायची, रोज सकाळी एकदा ढवळायची आणि संध्याकाळी खाली आणायची. सहाव्या-सातव्या दिवसापासून ती अंगठा आणि तर्जनी यांच्यात पाकाचा थेंब धरून बोटे हलकेच लांब करी, आणि एक तार न तुटता टिकली की मगच तिखट आणि जिरेपूड पडे. आईला लोणचे आणि अथाणे या दोन वेगळ्या वस्तू होत्या, दोन वेगळ्या बायकांच्या हातच्या. लेखात मी दोन्हीकडे ‘लोणचे’ लिहिले असते, तर पानावरची ती उभी रेघ मी पुसली असती आणि शेजारणीचे देणेही पुसले असते.

‘शाक’चेही तसेच आहे. गुजरातीत भाजी म्हणजे पालेभाजी. बटाटा, वांगी, दुधी यांचे ते शाक. आईनेही तोच भेद उचलला होता. ‘आज शाक नको, भाजी कर’ हे तिचे वाक्य आमच्या घरात प्रत्येकाला कळत असे.

तिला मराठी शब्द ठाऊक नव्हते म्हणून ती गुजराती वापरत होती, असा आपला समज झालेला दिसतो. त्याविषयी एक प्रसंग सांगते. माझी मुलगी पुण्यात वाढली. ती आठ वर्षांची असताना मे महिन्यात आजीकडे आली होती. दुपारी समोरच्या छपरावर माकडांची टोळी आली, तेव्हा आई स्वयंपाकघरातून ओरडली, ‘बारी वास!’ गुजरातीत वासणे म्हणजे लावून घेणे. पुण्याच्या मुलीला वासणे ठाऊक होते ते ‘आ वासणे’ मधले, आणि आजी कधीपासून खिडकीला बारी म्हणते हे तिला माहीत होते. तिने दोन्ही दारे सताड उघडली. माकड आत येऊन ओट्यावरचा पोळ्यांचा डबा घेऊन गेले आणि मुलगी भीतीने थरथर कापू लागली. आईने तिला पोटाशी धरले, डब्याचे नावही काढले नाही. त्या दिवसापासून शेवटपर्यंत आई नातीला ‘खिडकी लाव’ म्हणे आणि मला, माझ्या भावाला, पोळातल्या मुलांना ‘बारी वास’. एकाच दुपारी, एकाच खिडकीसाठी, समोर कोण आहे ते पाहून ती शब्द बदलत असे. इतके भान मला पदवी घेऊनही नेहमी राहत नाही.

ही तिच्या एकटीची तऱ्हा नव्हती. ज्या संस्थानात ती जन्मली, त्याच्या सरकारने १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश काढला आणि कारभारातल्या इंग्रजी शब्दांपुढे गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली असे प्रतिशब्द एका ओळीत मांडले. आमच्या वडीलधाऱ्यांचे आयुष्य अशा शेजारात गेले. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १ मे १९६० रोजी बडोदे गुजरातेत आले, तरी आमच्या घरांतून मराठी उठून गेली नाही; तिने शेजारच्या शब्दांना बसायला जागा दिली, एवढेच. आपल्या प्रतिक्रियेत ‘जबाबदारी’ हा शब्द दोनदा आला आहे. तोही फारसीच्या शेजारातून आलेला आहे आणि आज त्याला परका म्हणण्याचे कोणाच्या मनात येत नाही. आईच्या ‘अगाशी’ला तेवढाच मान मिळावा, असे मला मनापासून वाटते.

आपल्या एका तक्रारीत मात्र तथ्य आहे. महाराष्ट्रातला वाचक या शब्दांपाशी अडखळेल, याचा विचार मी केला नव्हता. लेखात आता प्रत्येक शब्द पहिल्यांदा येतो तेथे त्याचा अर्थ वाक्याच्या ओघातच दिला आहे. माझ्या मुलीनेही हीच अडचण सांगितली होती. तिने गेल्या दिवाळीपासून आजीची वही वाचण्यासाठी गुजराती लिपी गिरवायला घेतली आहे. बहुतेक अक्षरे तिला ओळखू येतात, पण ख, च, ज, झ यांच्यापाशी ती अजून थांबते आणि मला फोन करून विचारते.

आणि एक चूक मी स्वतः केली होती, जी आपल्या प्रतिक्रियेमुळेच लक्षात आली. ती वाचल्यावर मी सबंध लेख भावाला फोनवर मोठ्याने वाचून दाखवला. शेवटच्या आजारपणाच्या परिच्छेदापाशी त्याने मला थांबवले आणि विचारले, ‘ताई, आई असे कधी बोलली?’ मी लिहिले होते की, जाण्याच्या चार दिवस आधी आई म्हणाली, ‘मला झोपाळ्यावर बसव.’ आमच्या घरात पितळी कड्यांचा, सागवानी पाटाचा जो होता, त्याला आई साठ वर्षे ‘हिंचका’ म्हणत आली. दुःखाच्या जागी चांगली मराठी हवी, असे लिहिताना मलाही वाटून गेले असावे, आणि जे आपण सुचवलेत ते मी न सांगता एका ठिकाणी करून बसले होते. भाऊ बोलला तेव्हा मला ती संध्याकाळ आठवली. आईने हात पुढे केला होता, आणि मी तिला धरून बसवले तेव्हा तिच्या पावलांनी जमीन शोधली होती, कारण हलका झोका द्यायला तिला नेहमी स्वतःचाच पाय लागे.

ते वाक्य काल रात्री दुरुस्त केले आहे. आता तेथे तिचेच शब्द आहेत : ‘मला हिंचक्यावर बसव. पाय टेकू देत.’